पोरं ठेवायची की द्यायची, दादा

दादा,

तुझ्या तेराव्याला तुझी फुटबॉलची पोरं जर्सी घालून आली. पिवळ्या जर्सी, स्वच्छ धुतलेल्या, काहींच्या तर इस्त्री केलेल्या. मांडवात ओळीनं शिरली आणि तुझ्या फोटोपुढं जाऊन उभी राहिली. थोरल्या काकांना ते बराबर वाटलं नाही. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मंगल, हे काय वरातीला आले का? साधं पांढरं घालून यायचं ना." मी काही बोलायच्या आत पोरांतला सुमेधच पुढं झाला. म्हणाला, "काका, सर म्हणायचे उशीर झाला तर चालंल, मळकी जर्सी चालणार न्हाई. आमच्याकडं याच्याहून चांगलं कापड न्हाई." मग पंगतीत काकांनीच पोरांना आग्रह करकरून बुंदी वाढली.

मी मात्र त्या दिवशी रडले नाही. आल्यागेल्याचं बघण्यात दिवस गेला. रडू आलं ते चार दिवसांनी, शाळेत. चौथीच्या वर्गाला भागाकार शिकवत होते आणि बाहेर कुणीतरी चेंडू भिंतीवर मारत होतं, धप्, धप्, धप्. मी फळ्याकडं तोंड करून उभी राहिले. लेकरांना वाटलं, बाईंना उत्तर येईना.

भेटायला येणारे सगळे तुला देवमाणूस म्हणतात. मी मान हलवते. पण दादा, तू काही देवमाणूस नव्हतास. हट्टी होतास. पंचाशी भांडून तू स्वतःच्याच पोरांची मॅच घालवलेली मी पाहिली आहे. एसटीच्या आगारात दिवसभर गाड्यांखाली झोपून ग्रीसनं काळा होऊन यायचास, अंघोळ न करता तसाच मैदानावर जायचास, आणि वहिनीनं काही म्हटलं की, "पोरं वाट पाहून राहिले," एवढंच बोलायचास. दसऱ्यात मैदानावर प्रदर्शनी लागली, पाळणे उभे राहिले, की आपल्याला जागा राहायची नाही. मग तू सगळी पलटण घेऊन रेल्वे लाइनीच्या पलीकडं, नुकत्याच काढलेल्या सोयाबीनच्या वावरात जायचास. धसकटं पायाला टोचायची. पोरं ओरडायची. तू म्हणायचास, "टोचते म्हणूनच बॉल वरच्या वर घ्या ना."

आपण भावंडं भांडलो ते एकाच गोष्टीवरून. वर्षानुवर्षं.

आठवतं का, रविवारी संध्याकाळी मी तुझ्याकडं यायची आणि आपण मोबाइलवर परदेशातली मॅच बघायचो. वहिनी पोह्याच्या डब्याला टेकवून मोबाइल उभा करून द्यायची. एकदा त्यात बातमी आली की तिकडच्या एका मोठ्या क्लबनं स्वतःच्या अकादमीतला एकोणीस वर्षांचा पोरगा विकला. लहानपणापासून त्याच क्लबात वाढलेला. समालोचक सांगत होता की घरचं पोरगं विकलं की हिशोबात सगळा नफाच धरतात, कारण ते विकत घेतलेलंच नसतं.

तू हातातली बशी खाली ठेवलीस.

"घरचं हाय म्हणून सगळा नफा?" तू म्हणालास. "अरे, घरचं हाय म्हणून तर विकायचं न्हाई!"

"दादा, तो धंदा आहे. त्या पैशात दुसरी चार पोरं उभी राहतात."

"मंगे, तुमी शेतात हळद लावता ना? बेणं विकून खाता का?"

"पोरं बेणं न्हाईत," मी म्हणाले. "आणि ठेवून करायचं काय? बाकावर बसवायचं? खेळवणार असलं तर ठेवा. नुसतं धरून ठेवलं तर काय फायदा?"

"धरून ठेवणं आणि सांभाळणं एकच न्हाई."

"तेच तर म्हणून राहिले मी!"

वहिनी आतून ओरडली, "तुमाला दोघाला कोणी क्लब इकायला दिला का?" आपण हसलो. पण तू पुढची मॅच नीट बघितली नाहीस. मला तेव्हा कळलं नाही की तू त्या एकोणीस वर्षांच्या पोराचाच विचार करत होतास. माझ्यासाठी ती बातमी होती. तुझ्यासाठी नव्हती.

मग सुमेध आला, आणि भांडण मोबाइलमधून आपल्या घरात आलं.

तो मला आधी सापडला, हे तू शेवटपर्यंत कबूल केलं नाहीस. त्याची आई शोभाबाई आमच्या शाळेत खिचडी शिजवते. कळमनुरीकडच्या शाळेच्या गावातून रोज तुझ्या मैदानावर पोरगं पाठवायचं म्हणजे सोपं नव्हतं. मीच त्याला माझ्या स्कुटीवर मागं बसवून हिंगोलीला आणायची. पहिल्या दिवशी तू मैदानाच्या कडेला उभा होतास. नुसता बघत राहिलास. तो चेंडू पायात आल्यावर थांबायचा. बाकीची पोरं चेंडू आला की पळायची, हा थांबायचा, मान वर करून बघायचा, आणि मग अगदी सावकाश असा पास द्यायचा की समोरच्याला नुसतं पाय लावायचं काम उरायचं. निघताना तू मला म्हणालास, "याला उद्या बी आण." एवढंच. पण तुझा आवाज बदलला होता.

तो पंधराचा झाला आणि नांदेडच्या स्पर्धेत पोरं हेरायला आलेल्या एका माणसानं त्याला पाहिलं. दक्षिणेकडच्या एका क्लबच्या अकादमीचा माणूस. पांढरे बूट, हसतमुख, बोलायला गोड. तो आपल्या घरी आला. पोराचं राहणं, खाणं, शिक्षण सगळं क्लब करणार. आपल्या क्लबला चेंडू, गोलपोस्टच्या जाळ्या, बूट, वर देणगी. आणि पुढं कधी एखाद्या मोठ्या क्लबनं सुमेधला घेतलं, तर त्या पैशात आपल्यालाही वाटा.

"वाटा?" तू म्हणालास. "काहून? ते काय वावर हाय का?"

तो माणूस हसला. तू हसला नाहीस. "अजून लहान हाय. पुढं बघू," म्हणून तू त्याला वाटेला लावलंस.

मला इतका राग आला होता दादा, की दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी थेट आगारात आले. तू एका गाडीखाली झोपला होतास. तुझे नुसते पाय दिसत होते. मी त्या पायांशीच भांडले.

"सुमेधला विचारलंस का?"

"लेकराला काय कळते?"

"शोभाबाईला विचारलंस?"

"तिला त्या माणसाचे बूटच दिसतात."

"तुला देणगी घ्यायची लाज वाटते, ते कळते मला. पण मला त्या बाकीच्या पोरांच्या फाटक्या बुटांची लाज वाटते. आणि सुमेधला इथं ठेवून काय देणार हायस तू? जिल्ह्याची टीम? मग? मग काय?"

गाडीखालून पान्ह्याचा आवाज येत राहिला. तू म्हणालास, "तुला न्हाई माहीत तिकडं काय असते. मी जाऊन आलो हाय."

तू चौदाचा असताना तुलाही असंच नेलं होतं. तीन वर्षांनी तू परत आलास. घरात त्यावर कुणी बोलायचं नाही, बाबा तर मुळीच नाही. मला एवढंच माहीत होतं की दादा लांब खेळायला गेला होता आणि मग आला.

तेव्हा मी ते बोलले. का बोलले माहीत नाही. इतकी वर्षं बोलले नव्हते.

"तुला जाऊन परत आल्याचं दुःख हाय दादा. मला ते बी न्हाई. तू तिकडं होतास ना, तेव्हा मी तालुक्याला धावण्यात पहिली आले होते. शाळेचे सर घरी आले होते, पोरीला क्रीडा शाळेत पाठवा म्हणून. बाबांनी त्यांना चहा पाजला, पाहुण्यासारखं बोलले आणि परत पाठवलं. मी दाराआडून ऐकत होते. तुला निदान जाऊ तरी दिलं."

पान्ह्याचा आवाज थांबला. तू गाडीखालून बाहेर आला नाहीस. मी थोडा वेळ उभी राहिले आणि निघून आले.

त्या दिवसाबद्दल तू कधी काही बोलला नाहीस. पण पुढच्याच आठवड्यात मैदानावर गेले तर एका कोपऱ्यात सात-आठ पोरी उभ्या होत्या. सलवार घातलेल्या, एकीच्या पायात चप्पल. तू त्यांना चेंडू थांबवायला शिकवत होतास. मला बघून तू म्हणालास, "पोरींची बॅच काढली. तू येत जाय शनिवारी. माझ्याच्यानं दोन्ही बाजू व्हत न्हाईत." जसं काही जागा रिकामी होती म्हणून काढली.

दादा, मी तुला तेव्हा काही म्हणाले नाही. नंतरही नाही. पोरींच्या सरावाच्या वेळा, पाण्याची टाकी, कुणाचा बाप काय म्हणतो, यावर आपण हजारदा बोललो. पण ती बॅच तू कुणासाठी काढलीस हे मला कळलं होतं, एवढं एक वाक्य बोलायचं राहिलं. तुला ते ऐकून अवघडल्यासारखं झालं असतं, चेंडूत हवा भरायला लागला असतास. तरी बोलायला पाहिजे होतं. आता इथं बोलते.

सुमेधनं मात्र त्या माणसाला परत पाठवल्यापासून मैदानावर यायचंच सोडलं. माझ्या स्कुटीवर बसायला नाही म्हणायचा. शाळेच्या मागं दगडावर बसून राहायचा. मग एक दिवस शोभाबाई खिचडीची भांडी घासून झाल्यावर पदराला हात पुसत माझ्या वर्गात आली. म्हणाली, "मॅडम, सरांना इचारा, तिकडं लेकराला पोटभर जेवाय भेटते का. भेटत असंल तर जाऊ द्या म्हणा. इथं बी ते माझ्याजवळ न्हाईच. बसून राहते नुसतं. घरात असून घरात न्हाई."

मी हे तुला जसंच्या तसं सांगितलं. तू हातातल्या चेंडूत हवा भरून संपवलीस. मग म्हणालास, "लाव त्या माणसाला फोन."

पण तू तुझ्या पद्धतीनंच केलंस. आधी स्वतः जाऊन ते वसतिगृह बघून आलास. स्वयंपाकघरात जाऊन भाजी चाखलीस म्हणे. चेंडू, जाळ्या आणि बूट घेतलेस, पैसे घेतले नाहीस, आणि तो वाटा तर कागदावरून खोडायला लावलास. आणि त्या हसऱ्या माणसाला बजावलंस, "पोरगं नको झालं तर आधी मला फोन करायचा. त्याला सांगायचं न्हाई. मी येईन, मी सांगेन." तो म्हणाला, "हो सर, नक्की सर."

स्टेशनवर सुमेधला सोडायला अख्खा क्लब आला होता. तू त्याला काही उपदेश केला नाहीस. त्याच्या बॅगची चेन नीट लागत नव्हती, तू गाडी हलेपर्यंत ती चेनच लावत बसलास.

पुढची तीन वर्षं तुझी चैन बघण्यासारखी होती दादा. सुमेधची मॅच मोबाइलवर दिसायची तेव्हा तू आगारातल्या सगळ्यांना गोळा करायचास. चित्र अडकायचं, पोरं चौकोन चौकोन व्हायची, पण तू ओळखायचास. "तो बघ, थांबला. तोच हाय." मी तुला चिडवायची, "मग? कोण बराबर होतं?" तू म्हणायचास, "अजून मॅच संपली न्हाई, मंगे."

आणि तेव्हाच तुझ्या किडन्यांचं निघालं. नांदेडला डायलिसिस सुरू झालं. हाताला सुया टोचण्यासाठी ऑपरेशन करून जाड केलेली ती शीर, पाणी मोजून प्यायचं, आणि तू मात्र मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसून ओरडायचास. डॉक्टरांना तू विचारलंस, "ओरडण्यानं काही व्हते का?" ते नाही म्हणाले. मग काय.

सुमेधचा फोन आला तेव्हा मी मधल्या सुट्टीत होते. क्लबवाल्यांनी ठरल्याप्रमाणं तुला आधी फोन केलाच नाही. वसतिगृहाच्या फलकावर पुढच्या मोसमाच्या पोरांची नावं लावली होती, त्यात याचं नव्हतं. क्लबनं बाहेरून तयार पोरं घ्यायचं ठरवलं होतं. वाढवलेल्यांपैकी दोन विकली, बाकीच्यांना घरी जा म्हणाले. सुमेधचा आवाज सपाट होता. म्हणाला, "मॅडम, सरांना एवढ्यात सांगू नका. त्यांना तकलीफ व्हईल. मी इकडंच काही काम बघतो."

मी सांगितलं. तुझ्यापासून मी काय लपवणार? मला वाटलं तू म्हणशील, बघ, मी म्हणत होतो. आयुष्यभर तू अशी संधी सोडली नाहीस. पण तू फक्त एवढंच विचारलंस, "माझं पुढचं डायलिसिस कधी हाय?"

दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत आपण निघालो. वहिनीनं हात जोडले, डॉक्टर रागावले, मी रडले, तू ऐकलं नाहीस. शेवटी मी रजा टाकून तुझ्यासोबत आले. हैदराबादला गाडी बदलून पुढं.

त्या प्रवासात, सकाळच्या उन्हात, तू मला ते सांगितलंस. खिडकीबाहेर बघत, जसं दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं.

"मला बी असंच केलं होतं मंगे. एका दिवसात. गुडघ्याला मार लागला होता, दोन महिने झाले बरा व्हईना, तर म्हणले घरी जा. मी हिंगोलीला उतरलो सकाळी. घर पायी जायच्या अंतरावर. पण गेलो न्हाई. स्टेशनातच बसलो, बाकड्यावर, पेटी पायाखाली घेऊन. वाटलं, कोणीतरी यावं अन् चल म्हणावं. कोण येणार? मी येऊन राहिलो हे कोणाला माहीत व्हतं? दिवस मावळाय लागला तवा उठलो. दारात तू खेळत व्हतीस. 'दादा, माझ्यासाठी काय आणलं?' म्हणलीस."

मला ते आठवत नाही. मी तुला तसं सांगितलं. तू म्हणालास, "तुझं ध्यान खेळात व्हतं. अन् मी बाबांना सांगितलं, सुट्टीवर आलोय. कितीतरी महिने सुट्टीवरच व्हतो."

मी तुझा हात धरला, तो शिरेचा हात सोडून दुसरा. इतकी वर्षं मला वाटायचं तू पोरांना धरून ठेवतोस. तुला भीती वाटायची, एवढंच होतं ते.

वसतिगृहाच्या फाटकाशी सुमेध उभा होता. उंच झाला होता, मिसरूड फुटलं होतं. तुला रिक्षातून उतरताना बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. तू किती वाळला होतास ते त्याला माहीत नव्हतं. त्यानं मान खाली घातली. मला वाटलं, आता तू काहीतरी समजावशील. तू जवळ गेलास आणि म्हणालास, "जेवला का?"

त्यानं मान हलवली, नाही.

"चल, आधी जेवू. अन् ऐक, रविवारी परभणीवाल्यांसंगं मॅच हाय. मधी खेळायला माणूसच न्हाई आपल्याकडं. उशीर करू नको."

तो रडायला लागला. भर रस्त्यात, मोठ्यानं. तू त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलास आणि रिक्षावाल्याला म्हणालास, "थांबा दोन मिनिटं, पोरगं घरी चाललंय."

परत आलो त्या रविवारी तो खेळला. त्याच्या बदल्यात आलेले चेंडू अजून फुटले नव्हते दादा. जाळ्याही शाबूत होत्या. त्याच चेंडूनं, त्याच जाळीत त्यानं गोल केला, आणि मी कडेला उभी राहून तोंडावर पदर घेतला. कशाला द्यायचं आणि कशाला घ्यायचं, मला काही कळेना.

त्यानंतर तू वर्षभरच राहिलास. सुमेध बारावी झाला, आता आयटीआयला जातो, आणि संध्याकाळी लहान पोरांना तोच शिकवतो. चेंडू आल्यावर थांबायला शिकवतो. तुझ्या शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात तुझ्या पायथ्याशी बसलेला असायचा. मी एकदा तुला मुद्दाम डिवचलं, म्हटलं, "काय दादा, मॅच संपली का? कोण बराबर होतं?" तू डोळे मिटून होतास. ओठ हलले. मी कान जवळ नेला. तू म्हणालास, "पाणी." मी चमच्यानं पाणी दिलं. ते भांडण तिथंच राहिलं.

तुला खांदा द्यायला काकांनी नातेवाइकांची नावं घेतली. सुमेध न विचारता पुढं झाला. कुणी त्याला हटकलं नाही.

आणि आता हे ऐक. परवा निकिताचे वडील घरी आले. आपल्या पोरींच्या बॅचमधली निकिता, डाव्या पायाची, तुला सारखी उलट उत्तरं द्यायची ती. वडील मार्केटला हळदीची पोती उचलतात. तिला मुलींच्या एका अकादमीनं बोलावलंय, दुसऱ्या राज्यात. ते उंबऱ्यातच बसले, आत येईनात. म्हणाले, "ताई, प्रकाशभाऊ असते तर काय म्हणले असते?"

मला उत्तर माहीत होतं. तू म्हणाला असतास, पुढं बघू. आणि मी म्हणाले असते, जाऊ दे तिला. आणि आपण वहिनी ओरडेपर्यंत भांडलो असतो. पण तू नाहीस, तर माझ्या तोंडून "जाऊ दे" निघेना. फाटकाशी मान खाली घालून उभा असलेला सुमेध दिसायला लागला. तुझी बाजू पण आता मलाच सांभाळावी लागतेय दादा, आणि ती किती जड होती ते मला आता कळतंय.

मी त्यांना म्हटलं, उद्या सांगते. आणि मैदानावर गेले. सुमेध लहान पोरांची शर्यत लावत होता. मी त्याला बाजूला बोलावलं आणि सरळ विचारलं.

"सुमेध, खरं सांग. तुला तेव्हा पाठवलं ते चुकलं का आमचं?"

सुमेध चेंडू आल्यावर थांबतो तसाच थांबला.

"न्हाई मॅडम," म्हणाला. "आता कोणी बोलावलं तर आता बी जाईन. तिकडं जे खेळलो ना, ते इथं राहून कधीच खेळलो नसतो. वंगाळ झालं ते शेवटी झालं. अन् ते बी..." त्यानं पोरांच्या शर्यतीकडं बघितलं. "सर आले ना घ्यायला. तिथं माझ्यासोबतचे लई पोरं व्हते मॅडम. त्यांच्यासाठी कोणी आलं न्हाई. काही घरी गेलेच न्हाईत."

मी निकिताला हाक मारली. ती पळत आली, घामानं डबडबलेली, कपाळावर केस चिकटलेले. मी विचारलं, "जायचंय का तुला?"

ती माझ्याकडं बघत राहिली. हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं बहुतेक. सगळे तिच्या वडिलांना विचारत होते.

"व्हय," ती म्हणाली. मग हळूच, "अन् त्यांना नको झाले तर?"

"तर मला फोन करायचा. कोणत्या बी टायमाला. तिथून हलायचं न्हाई. मी येते."

"तुमी?"

"मी. माझा नंबर पाठ आहे का?"

"मोबाइलमधी हाय."

"मोबाइलमधी नको. तोंडपाठ कर."

तिनं म्हणून दाखवला, मधले दोन आकडे चुकली. मी दुरुस्त केले. पुन्हा म्हण म्हटलं. ती मैदानात परत पळत गेली आणि पळता पळता मोठ्यानं माझा नंबर म्हणत होती, पाढा म्हणावा तसा.